बासरीची चौदा सेकंदं

लोकांना काय आवडतं हे लोकांना विचारून कळत नाही, हे शास्त्राने केव्हाच सिद्ध केलं आहे. म्हणून आमच्याकडे ते काम एकाच कंपनीवर सोपवलेलं आहे. देशातली सगळी चॅनेलं, सगळी सिनेमागृहं आणि दोन सोडून सगळी वर्तमानपत्रं तिचीच (ती मालकांच्या मेहुण्याची). त्यामुळे आवडीनिवडीवरून होणारे वाद कायमचे मिटले.

कंपनीच्या रुचिमापन विभागाने निवडक शंभर घरांत टीव्हीला मोजणीची पेटी बसवली. त्यात आमचं घर देशात पहिलं आलं. आम्ही तीन वर्षं एकच चॅनेल पाहत होतो. अहवालात याला 'अढळ रसिकता' म्हटलं आहे. (रिमोट कपाटामागे पडला होता. कपाट सरकवायला दोन माणसं लागतात, आणि मी व बाबा एकाच वेळी कधी रिकामे नसतो.) त्या चॅनेलवर प्रत्येक गाणं ढोलाने सुरू व्हायचं. सबब सर्व गाणी ढोलानेच सुरू व्हावीत, असं परिपत्रक निघालं.

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, संगीतकार. त्यांनी ताईसाठी एक गाणं केलं होतं. सुरुवातीला चौदा सेकंदं नुसती बासरी. ते घेऊन तीन वर्षं त्यांनी कंपनीत हेलपाटे घातले.

"बासरी काढा, ढोल घाला," अधिकारी म्हणायचे. "लोकांना तेच हवंय."

"कुठल्या लोकांना?" शेवटी दाजींनी विचारलं.

अधिकाऱ्यांनी यादी दाखवली. पहिलं नाव सासऱ्यांचं.

दाजी तडक आमच्याकडे आले आणि चहासुद्धा न घेता एकट्याने कपाट सरकवलं. मग आईने आठवडाभर हौसेने चॅनेलं बदलली. विभागाने 'रसिकतेत चलबिचल' असा शेरा मारला आणि दाजींचं गाणं प्रायोगिक तत्त्वावर एकदाच लावायचं ठरवलं. पहिल्या क्रमांकाचं घर चॅनेलवर टिकलं, तर गाणं टिकणार होतं.

रविवारी सगळे टीव्हीसमोर बसलो. बासरी सुरू झाली. दाजींनी डोळे मिटले, ताईने त्यांचा हात धरला. फार सुंदर होती हो ती बासरी, खरंच सांगतो.

नवव्या सेकंदाला आई म्हणाली, "अगं बाई, गाणं कधी सुरू व्हायचं?"

आणि रिमोटवरचा माझा अंगठा आपोआप चालला.

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक आलं: बासरी कायमची रद्द. दाजी आता ढोल शिकतायत. ताई माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

पण तुम्ही मला नावं ठेवू नका. ही कथा कधी संपते म्हणून मघाशी तुम्ही खाली नजर टाकलीत, त्याची पेटीत नोंद झालेली आहे. यापुढे कथेत फक्त शेवट ठेवावा, असं परिपत्रक आज निघालं.