कोंडवाड्यातले बिरूआप्पा

आमच्या गावात नवे ग्रामसेवक आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी पंचायतीमागचा कोंडवाडा पाहायला मागितला. मोकाट जनावरं धरून कोंडायची ही जुनी जागा. चार दगडी भिंती, वर छप्पर नाही, पुढं गजांचं लोखंडी फाटक. आता कुणी जनावरं कोंडत नाही, तेव्हा तिथं काहीतरी उपयोगाचं बांधावं असा त्यांचा विचार होता. आम्ही फाटकाशी गेलो, तर आत एक म्हातारा भिंतीला टेकून मांडी घालून बसलेला आणि फाटकाला आतून कडी.

"कोण हो तुम्ही?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"कैदी."

ग्रामसेवकांनी माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

"कशात आहात?"

"आज रेशनच्या गव्हात. मागं वाळूत हुतो."

"तुम्ही गहू चोरला?"

"मी कशाला चोरू? ज्यानं चोरला त्याला भाऊसाहेबांनी पदरात घेतला. पर गुन्हा तर झालाय न्हवं? मग कुणीतरी आत पाहिजे."

हे बिरूआप्पा. जातीनं धनगर. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडा ऊस आणि दोन शेळ्या आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुली सासरी. तरुणपणी त्यांची मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरली की कोंडवाड्यात जायची आणि मागोमाग आप्पाही आत जाऊन बसायचे. "मेंढरू एकटं ऱ्हात न्हाई, वरडून वरडून मरतं," म्हणायचे. त्यामुळं कोंडवाड्यात जितका काळ मेंढरांनी काढला, तितकाच आप्पांनी काढलाय. मेंढरं गेली, आप्पांची ये-जा चालू राहिली.

भाऊसाहेब म्हणजे आमचे नेते. भीमेच्या अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर, आणि दोन्हीकडं त्यांची माणसं. विरोधकाची वाळूची गाडी सापडली तेव्हा भाऊसाहेब तहसील कचेरीसमोर मांडव घालून बसले होते. "कायद्यापुढं कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही," हे त्यांचं भाषण मला पाठ आहे, कारण ते मीच लिहून दिलं होतं. पुढं स्वतःच्या माणसाची गाडी सापडली तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "पोरगं चांगलं आहे, एकदा चुकलं." रेशन दुकानदाराला त्यांनी वाजतगाजत पक्षातून काढलं आणि गुपचूप परत घेतलं. अशी माफी झाली, की दुसऱ्या दिवशी आप्पा आत.

आप्पांचा कायदा त्यांच्यापुरता पक्का होता. दमदाटीला दुपारपर्यंत, मारामारीला दिवस मावळेपर्यंत. आत तंबाखू नाही, वर्तमानपत्र नाही. पाणी चालतं. कुणी गप्पा मारायला आला तर फाटकाबाहेर उभं राहायचं, कारण "भेटीची येळ" असते. कुणी हसलं की ते म्हणायचे, "हसा. पर शिक्षा सांडू द्यायची न्हाई. दूध सांडलं तर मांजार तरी पितं, शिक्षा सांडली तर सगळ्या गावाचं पाय घसरत्यात."

एकदा परगावातल्या कुणा बड्या आरोपीला सोडून हार घातल्याची बातमी त्यांनी चहाच्या टपरीवर ऐकली. लगेच उठले. मी म्हणालो, "आप्पा, तो आपल्या तालुक्यातला पण नाही."

"म्हनून तर. तिकडं कुणी बसलं आसंल का, काय म्हाईत."

मी त्या वेळी गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होतो. भांडणं कोर्टात जाण्याआधी गावातच मिटवायची, हे समितीचं काम. कुरकुंभच्या कंपनीतून निवृत्त झालो, बोलणं बरं, अक्षर चांगलं, भाऊसाहेबांच्या घरी ऊठबस. म्हणून मला बसवलं. आप्पा मला नावानं कधी हाक मारत नसत. "अध्यक्ष" म्हणायचे. एकदा ऐन शिक्षेच्या दिवशी घरी आले.

"अध्यक्ष, केंदूरला मेव्हणीच्या पोरीचं लगीन हाय. सुट्टी मिळंल का?"

"आप्पा, मी कोण सुट्टी देणारा?"

"वा. माफी तुम्ही देता, मग सुट्टी काय न्यायाधीश दील?"

मी दिली सुट्टी. काय करणार? लग्नाहून आले ते थेट आत गेले आणि राहिलेली दुपार भरून बाहेर पडले.

खुद्द भाऊसाहेबांशीही त्यांची गाठ पडली. निवडणुकीच्या फेरीत ताफा पंचायतीपाशी थांबला. भाऊसाहेब फाटकाशी आले, गजांतून हात घालून म्हणाले, "आप्पा, काय हा जीवाला त्रास? बाहेर या."

"येतो की. तुम्ही बसता का घटकाभर, माझ्या जागी?"

भाऊसाहेब मोठ्यानं हसले, म्हणून सगळे हसले. कार्यकर्त्यानं भिंतीवर चढून फोटो काढला आणि 'ज्येष्ठांचे आशीर्वाद' म्हणून मोबाईलवर सगळीकडं पाठवला. फोटो आतल्या बाजूनं काढलेला होता. त्यात आप्पा ऐसपैस बसलेले आणि गजांमागं भाऊसाहेब उभे. खुटबावच्या बाजारापर्यंत लोक तो एकमेकांना दाखवत होते. संध्याकाळच्या आत फोटो मागं घ्यायचा आदेश निघाला. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्यायचा. कागदावर का व्हईना, गेलं हुतं आत."

इथवर आम्ही सगळे हसत होतो. मीही. पुढचं सांगायचं म्हणून तर हे लिहायला बसलो.

आमच्या बौद्ध वस्तीतली शालन गुऱ्हाळावर मजुरीला जायची. सकाळी रस्त्याच्या कडेनं चालली असताना बंडूशेठच्या वाळूच्या ट्रॅक्टरनं तिला उडवलं. बंडूशेठ स्वतः चालवत होता आणि प्यायलेला होता, हे गुऱ्हाळावरच्या सगळ्यांनी पाहिलं. पाय वाचला, पण आखूड झाला. शालननं पोलिसांत तक्रार दिली. बंडूशेठ म्हणजे भाऊसाहेबांचा उजवा हात. मला भाऊसाहेबांचा फोन आला: "आबा, गावातलं गावात मिटवा. गरिबाला कोर्ट परवडत नाही."

समिती बसली. बंडूशेठ खुर्चीवर, आम्ही खुर्च्यांवर. शालन काठीवर भार देऊन उभी. तिला खुर्ची द्यावी हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. आता डोळे मिटले की मला पहिल्यांदा तेच दिसतं. बंडूशेठनं 'चूक झाली' म्हटलं, मोबाईलकडं बघत. मग वस्तीतल्या दोघांचा रोजगार जाईल हे कुणीतरी सहज बोलल्यासारखं बोललं. मी शालनला म्हणालो, "बाई, मोठं मन कर."

ती म्हणाली, "मन हाय तेवढं हाय, आबा. पाय आखूड झालाय."

 मग तिनं सही केली. 'तक्रारदारानं राजीखुशीनं माफ केलं' असं मी खाली माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं.

पुढं भाऊसाहेबांनी गावात कार्यक्रम ठेवला. "शिक्षा देणारा मोठा नसतो, माफ करणारा मोठा असतो," असं भाषण झालं. बंडूशेठला शाल, मला शाल. शालनला निमंत्रणही नव्हतं. तिची माफी आम्हीच वाटून घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आप्पा आत. मावळतीला निघाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आत. मग रोजच. ऊन तापायला लागलं. छप्पर नाही, आणि भिंतीची सावली दुपारी पायापुरतीही राहत नाही. टपरीवरची मंडळी विचारायची, "आप्पा, जन्मठेप लागली का काय?"

"माफी मागं घेत न्हाईत, तवर हाय."

एका दुपारी ते फाटकाला धरून खाली बसले ते उठेनात. उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात असं ऊन पुन्हा लागलं तर हाताला लागणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर फाटकाला आतून कडी.

मी चिडलो. "आप्पा, मराल तुम्ही. बंडूशेठला त्याचं काय?"

"त्याला काय न्हाई. म्हनून तर मला बसाय लागतं."

"मी काय करू मग?"

ते माझ्याकडं वळले. रागानं नाही. "ते मला काय इचारता अध्यक्ष? मी आतला मानूस. बाहेर तुम्ही हाय."

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा समाजमंदिरात भरली. झेंडा झाला, पाण्याच्या टाकीचा विषय झाला. आयत्या वेळच्या विषयांत मी उभा राहिलो. 

मी म्हणालो, "शालनची तक्रार राजीखुशीनं मिटली असं मी लिहून दिलं, ते खोटं आहे. तिला आम्ही मिटवायला लावली. उद्या तिची तयारी असेल तर मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणार आणि तसा जबाब देणार. अध्यक्षपद आजपासून सोडलं."

बंडूशेठ पुढच्या रांगेत होता. "आबा, ऊन लागलंय का तुम्हाला?"

"मला नाही. ज्यांना लागलं ते मागं कोंडवाड्यात आहेत."

"भाऊसाहेबांनी शब्द टाकला हुता, ध्यानात हाय का?"

"आहे. ग्रामसेवक, तेही लिहा."

ग्रामसेवकांनी पेन उचललं, सरपंचांकडं पाहिलं, आणि तरीही लिहिलं. नवीन माणूस होता, अजून गाव शिकायचं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "तवा तुम्हीच अध्यक्ष हुता की." त्याचं चुकलं नव्हतं. मी म्हणालो, "होतो. म्हणून मलाच सांगावं लागतंय."

मी पायरी उतरेपर्यंत भाऊसाहेबांचा फोन आला. आवाज गोड. "आबा, वय झालं की माणसाला विसर पडतो."

"पडला होता, भाऊसाहेब," मी म्हणालो. "आता बरं आहे."

मग त्यांनी माझ्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मुलगाही फारसा बोलत नाही. असो.

कोंडवाड्यापाशी गेलो तर दिवस कलला होता. आप्पांचे ओठ फुटले होते.

"मिटलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही आप्पा. परत सुरू झालं."

त्यांनी कडी काढली. उठताना मी हात दिला, तो पहिल्यांदाच त्यांनी घेतला. मला वाटलं घरी जातील. मी सोबत निघालो. ते घराकडं वळलेच नाहीत. बुद्धविहाराच्या मागं शालनच्या अंगणाशी जाऊन थांबले. ती दारात गहू निवडत होती. मला पाहून उठू लागली. मी हातानंच नको म्हटलं.

आप्पा खाकरले. "बाई, आजचा दिवस भरला. तुझ्यापुरतं कुणीतरी आत हुतं."

शालननं मान हलवली, जणू दूधवाला येऊन गेला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "रोज येत्यात, आबा. जवापास्नं बसत्यात तवापास्नं. मावळतीला येऊन एवढं सांगत्यात आन् जात्यात. गव्हाच्या वक्ताला, जिचं रेशन बुडालं त्या पल्याडच्या म्हातारीला सांगायचे. पयल्यांदा वाटलं, येडं हाय मानूस. मग येळ झाली की वाट बघाय लागले. दुसरं कोन येतंय सांगाय?"

इतकी वर्षं आम्ही त्यांना आत जाताना पाहिलं, बाहेर पडून ते कुठं जातात हे कुणी विचारलं नव्हतं.

मी तिला सभेतलं सगळं सांगितलं. उद्या येशील का विचारलं. तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. "येते," म्हणाली. "पर ह्या टायमाला मला मन बिन मोठं कर म्हनू नका."

"नाही म्हणणार."

"मग मी सुटलो," आप्पा म्हणाले. "आता तुझं तू बघशील. उद्यापास्नं काय मी येत न्हाई."

असं म्हणून ते उभेच राहिले. फेटा काढला, परत बांधला. अंगणाच्या कडेला पाय टाकला आणि पुन्हा थांबले, रस्ता कुठल्या बाजूला ते विसरल्यासारखे. त्यांच्या घरात या वेळी दिवाही लावलेला नसतो, हे मला माहीत होतं. आजवर त्याचा विचार केला नव्हता, इतकंच.

शालननं सूप बाजूला ठेवलं. "मामा," ती म्हणाली, "परवा कुरडया घालायच्यात. शेजारनीची शेळी लई वंगाळ हाय, तोंड घालती. माझ्यानं पळवत न्हाई. राखणीला बसाल का?"

आप्पांनी अंगणाच्या कडेला टाकलेला पाय मागं घेतला.

"कवा येऊ?" त्यांनी विचारलं.