पोपटभावजी आणि पॅव्हेलियनवाल्यांची भावकी

पोपटभावजींच्या दुकानातून दुरुस्त झालेला रेडिओ घरी न्यायचा, तर आधी चार इंग्रज पोरांचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागायचं. रेडिओ त्यांच्या मांडीवर असायचा आणि शेवटचा एकच स्क्रू बसवायचा राहिलेला असायचा. भांडण सांगून संपेपर्यंत तो स्क्रू काही ते बसवत नसत. पळसदेवच्या एका म्हाताऱ्याची एसटी त्या स्क्रूपायी चुकली. तो चिडून म्हणाला, "अरं, माझा रेडिओ दे, मला त्या गोऱ्यांचं काय करायचंय?" तर पोपटभावजी म्हणाले, "बाबा, दोष मशीनचा नसतुय, माणसाचा असतुय. आता हितनं पुढं खरी गंमत हाय."

'आता हितनं पुढं खरी गंमत हाय' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यानंतर दुकानातून कुणी हलायचं नाही.

दुकान इंदापूरच्या स्टँडच्या मागे, आमच्या घरासमोर होतं. मी ओट्यावर मशीन टाकून ब्लाउज शिवायचे. मला कुणाला 'पुरे' म्हणता येत नाही, हे त्यांनी लवकरच ओळखलं. गिऱ्हाईक नसलं की रस्ता ओलांडून यायचे. "वहिनी, तुमी शिवा. नुसतं ऐका." मी शिवायचे. ऐकायचे. कधी कधी बाही उलटी लागायची.

भांडण होतं पेपर पॅव्हेलियन नावाच्या बँडचं. पुण्याहून सोलापूरकडे चाललेल्या एका मोटारवाल्याने बिघडलेला टेप दुरुस्तीला टाकला, सोबत तीन कॅसेट ठेवल्या आणि तो परत आलाच नाही. पोपटभावजींनी टेप नीट केला, चालतो का बघायला पहिली कॅसेट लावली आणि तिथेच बसले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पुढे वालचंदनगरच्या कॉलनीतून रद्दीत आलेल्या एका मासिकात त्याच पोरांचा फोटो निघाला. बारामतीच्या कॉलेजात शिकवणारे एक सर टेप साफ करून घ्यायला यायचे. त्यांच्याकडून पोपटभावजींनी ते मासिक हप्त्याहप्त्याने वाचून घेतलं. सर जेवढं सांगायचे, त्यात पोपटभावजी स्वतःचं थोडं घालायचे. सर फार थोडं सांगायचे.

मुळात तीन कॅसेटींच्या कव्हरांवरच सगळा इतिहास होता. पहिलीवर चार पोरं, दुसरीवर तीन, तिसरीवर दोन. ती कव्हरं ओळीने मांडून ते म्हणायचे, "बघा वहिनी. भावकी अशी फुटती."

पोरं लोखंडाच्या कारखान्यांच्या गावातली. "वालचंदनगरच समजा, फकस्त थंडी जादा." त्यातला ट्रेवर हा गाणी रचणारा. त्याने कुठून तरी बटणांची पेटी आणली. ती विजेवर चालायची. तिच्यातून बासरीही निघायची आणि पत्र्यावर दगड पडल्याचा आवाजही निघायचा. गाणारा कॉलिन. उरलेले दोघं, एक उंच आणि एक चष्मेवाला, त्यांची नावं सरांनी सांगितली होती, पण पोपटभावजींना ते दोघं आवडायचे नाहीत म्हणून त्यांनी ती कधी घेतली नाहीत. चौघांचेही केस उसाच्या वाढ्यासारखे उभे आणि डोळ्यांत काजळ. आमच्या सासूबाईंनी ते कव्हर उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "द्वाड दिसत्यात. पर काजळ घातलंय कुणीतरी, म्हंजी घरी माया हाय."

त्यांच्यात ढोल वाजवायला माणूस नव्हता, मशीनच वाजवायचं. हे ऐकून गल्लीतला हलगीवाला दगडू हादरलाच. "मशीन वाजवतंय? मग पंगतीला कोण बसतं?"

पहिल्या कॅसेटीनंतर ट्रेवर घर सोडून निघाला. का निघाला, यावर आमच्या गल्लीत दोन तट पडले. चहावाला बबन ट्रेवरच्या बाजूचा. "पेटी कुणी आणली? ट्रेवरनं. म्हंजी विहीर त्याची. पाणी समद्यांनी पिलं आन नाव कॉलिनचं?"

आमचे हे कॉलिनच्या बाजूचे. हे एसटीत कंडक्टर, त्यामुळे ओरडून बोलायची सवय. "नुसती विहीर असून काय करतो? मोटर कोण चालू करणार? गळा कॉलिनचा हाय!"

बबनने ह्यांना बिनसाखरेचा चहा द्यायला सुरुवात केली. यांपैकी एकालाही त्या गाण्यांतला एक शब्द कळत नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या बायकांनी लावालावी केली आसंल."

पोपटभावजी म्हणाले, "काकू, फोटूत बायकाच न्हाईत."

"मग त्याचंच भांडान."

एवढी भावकी सोडवायला घेतलेला हा माणूस. त्याच्या स्वतःच्या घरात त्या वर्षी चूल बंद होती. त्याची बायको शालन निमगाव केतकीला माहेरी जाऊन बसली होती.

झालं असं. मशीन ढोल कसं वाजवतं हे पोपटभावजींना करून बघायचं होतं. त्यासाठी मोटर हवी होती. घरात शालनच्या वडिलांनी दिलेला मिक्सर होता. त्यांनी तो खोलला, मोटरीला एक चमचा बांधला आणि खाली पितळी ताट ठेवलं. ढोल वाजला, अगदी नेमाने वाजला. त्याच दिवशी शालनचे वडील जेवायला आले. चटणी वाटायला मिक्सर नाही, वाढायला ताट नाही आणि जावई घड्याळ लावून ठोके मोजतोय.

शालन म्हणाली, "ह्या घरात येकतर मी ऱ्हाईन न्हायतर ती चार टकली."

यावर नवऱ्याने काय बोलावं? पोपटभावजी म्हणाले, "टकली न्हाईत गं. केस हायत त्यांना."

ती वडिलांबरोबरच गेली. पुढे दिवाळी गेली. पोपटभावजींचं म्हणणं, ती आपल्या पायांनी गेली, आपल्या पायांनी येईल. तिचं म्हणणं, न्यायला आल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. शेवटी निमगावच्या बाजारातून शालनच्या वडिलांचा निरोप आला. संक्रांतीपर्यंत कुणी आलं नाही, तर मुलीला कायमचं इथेच ठेवतो आणि शिवणाच्या क्लासला घालतो.

निरोप ऐकून पोपटभावजी त्या दिवशी कुणालाच काही सांगायला आले नाहीत. गिऱ्हाइकांना रेडिओ पटापट मिळाले. गल्लीला चैन पडेना.

आमचे हे दुकानात जाऊन म्हणाले, "उद्या माझी सुट्टी हाय. निमगावला जायचं. तुमी, मी आन ही. बाईमाणूस संगं आसलेलं बरं."

सकाळी पोपटभावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. काखेत टेप होता.

"हे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"आसू द्या. हातात काय आसलं की बोलायला बरं पडतंय."

शालनचे वडील पडवीत सुतळी वळत बसले होते. पाणी झालं, ऊसतोड कधी ते झालं. आत स्वयंपाकघरात शालन आहे हे बांगड्यांवरून कळत होतं. ह्यांनी पोपटभावजींना कोपराने ढोसलं. पोपटभावजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मामा, चौघं जण व्हते."

ह्यांनी कपाळाला हात लावला.

पण मामा ऐकू लागले. सुतळी बाजूला ठेवून, खरीच कुणाची भावकी आहे असं समजून.

"कुठल्या गावची मंडळी?"

"इंग्लंडची."

"पाण्याची सोय हाय का तितं?"

"लय पाऊस आसतुय, मामा."

"मग भांडायचं काय कारण?"

पोपटभावजींनी सगळं सांगितलं. पेटी, गळा, मशीनचा ढोल. ढोलाशी आल्यावर जरा अडखळले, पण पुढे गेले. चाराचे तीन झाले, तिनाचे दोन झाले. मामांनी मान डोलवली आणि विचारलं, "त्या ट्रेवरला आणाया कोण गेलं व्हतं?"

"कुणीच न्हाय."

"कॉलिन काय करत व्हता?"

"गात व्हता."

"किती दिस?"

"दोन कॅसेटी."

"आन त्येला बरं वाटत व्हतं?"

पोपटभावजी थोडा वेळ टेपच्या बटणावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मामा, पयल्या कॅसेटीत कॉलिन येक ओळ गातुय, मग ट्रेवरची पेटी वाजती, मग तो दुसरी ओळ गातुय. तिसऱ्या कॅसेटीत ट्रेवर न्हाय. पर कॉलिन ओळ गाऊन तितंच थांबतुय. काय वाजत न्हाय तितं. दुसरं कायतरी घालता आलं आसतं. त्यानं न्हाय घातलं. ती जागा त्यानं तशीच रिकामी ठेवलीया."

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं रस्ता ओलांडून येत होते, तरी हे नाही.

आतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

मामांनी बाजूची सुतळी गुंडाळून ठेवली. मग आत बघून मोठ्याने म्हणाले, "शाले, जावईबापूंना च्या टाक. आन पिशवी भर."

परतीच्या एसटीत शालन आणि मी दोघींच्या बाकावर बसलो. हे ओळखीच्या कंडक्टरशी बोलायला पुढे गेले. मागे जागा रिकामी होती, तरी पोपटभावजी आमच्या बाकाचा दांडा धरून उभेच होते. टेप माझ्या मांडीवर. गाव मागे पडलं तरी दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

शेवटी शालन खिडकीकडे बघत म्हणाली, "मग? पुढं काय झालं त्या ट्रेवरचं?"

लग्न झाल्यापासून तिने एकदाही असं विचारलं नसेल. मी वर बघितलं. आता हितनं पुढं खरी गंमत हाय, असं ते म्हणतील म्हणून मी तयारीत बसले.

पोपटभावजी म्हणाले, "मला म्हाईत न्हाय गं."

शालनने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग मला कोपराने ढकलत म्हणाली, "अक्का, जरा सरा की. ह्यांचे पाय दुखत असतील."

दोघींच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. इंदापूर येईपर्यंत माझा अर्धा देह खिडकीच्या गजाला टेकून होता आणि टेपचं हँडल बरगडीत रुतत होतं. पण मला कुणाला 'पुरे' म्हणता येत नाही, आणि त्या दिवशी तर म्हणायचंही नव्हतं.