महाराजांचे दोन बोटे सुख, त्याची हकीकत

श्री. जे हसतात त्यांस, जे हसू पाहतात त्यांस, आणि ज्यांस हसू येत असून मानमरातबास्तव दाबावे लागते त्या सर्वांस नमन करून हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके सोळाशे छप्पन्न, आनंदनाम संवत्सर, ते समयी नदीअलीकडील राज्यात महाराज गादीवर होते, आणि संवत्सराचे नाव आनंद असून महाराजांस आनंद म्हणून नव्हता. उणे काही नव्हते. डोंगरी किल्ला घेतला तेव्हा पंधरा दिवस मर्जी बहुत प्रसन्न राहिली, आणि सोळावे दिवशी किल्ला तो किल्लाच आणि महाराज ते महाराजच. मग जलमहाल बांधिला आणि कारंजी सोडिली, तेव्हा एक महिना कारंज्यापाशी बसून असत, आणि मग आवाजाने डोके उठते म्हणून कारंजी बंद करविली. मग पांढरा हत्ती आणविला, तो तीन दिवस पांढरा वाटला, चौथे दिवशी नुसता हत्ती वाटू लागला. तेव्हा दिवाण मोरजीपंत, जे कोणत्याही मसलतीत आणखी एक वस्तू आणावी इतकेच सांगत, ते बोलिले, "महाराज, दुसरा हत्ती आणू." महाराज बोलिले, "हत्तीखाना भरला, पंत. मी रिकामाच आहे."

राज्यात हत्तीखाना, मुदपाकखाना ऐसे अठरा कारखाने होते, त्यांवर महाराजांनी एकोणिसावा स्थापिला, त्याचे नाव सुखखाना, आणि सुख म्हणजे काय, ते कोणास आहे, कशाने वाढते, याची चौकशी करण्यास तानूबाई वैद्यीण यांस नेमिले. तानूबाई म्हणजे कैलासवासी राजवैद्यांचे कुटुंब. नवऱ्यामागे त्याच रोगी पाहत, आणि नाडीवर हात असता दृष्टी तोंडावर ठेवीत, म्हणून त्यांचेपुढे खोटे बोलणे अवघड होते. त्या बोलिल्या, "महाराज, आधी रयतेचे पाहू, मग आपले. निरोगी नाडी कशी चालते हे ठाऊक नसता रोग्याची काय कळणार?" आणि त्यांनी युक्ती काढिली ती ऐसी. नगारखान्यातील नगारा दिवसात केव्हाही, वेळ न सांगता, वाजवावा, आणि त्याच क्षणी कारकुनांनी जो समोर येईल त्यास तीन गोष्टी पुसाव्या: काय करीत होतास, मन कोठे होते, आणि सुख किती ते बोटांनी दाखव, पुरते असेल तर दहा, मुळीच नसेल तर मूठ. मग दोन महिने नगारा वाजत राहिला आणि रयत बोटे दाखवीत राहिली. गोदू कुंभारणीस कारकुनाने तीन हाका मारिल्या तेव्हा तिने चिखलाचे हात वर करून नऊ बोटे दाखविली आणि बोलणे न करिता पुन्हा चाकाकडे वळली. एक धोबी घाटावर होता आणि मन सासुरवाडीच्या भांडणात होते, त्याची बोटे दोन. एक सरदार एकटे पंचपक्वान्नास बसले होते, त्यांची तीन. आणि त्यांचेच पागेतील चौघे मोतद्दार एका भाकरीवर हसत बसले होते, त्यांची आठ. बाजी बारगीर म्हणून होता, त्याचा उजवा हात लढाईत गेला होता, त्याने डाव्याची पाचही बोटे दाखविली. कारकून पाच लिहू लागला, तेव्हा तानूबाईंनी त्याचा बोरू धरिला आणि बोलिल्या, "त्याजपाशी होती तितकी सगळी दाखविली. दहा लिहा." शेवटी महाराजांस पुसिले, तेव्हा महाराजांनी बहुत विचार करून दोन बोटे दाखविली, आणि त्यांतीलही एक अर्धे वाकलेले होते.

हे मोरजीपंतांस मानवले नाही. धनी दोन बोटांवर आणि मोतद्दार आठांवर, यात दरबाराची शोभा नाही, ऐसे म्हणून त्यांनी परस्पर हुकूम काढिला की नगारा होताच ज्याने त्याने दहाच बोटे दाखवावी, कमी दाखवील त्यास खोड्यात घालू. मग दुसरे दिवशी नगारा जाहला आणि अवघ्या शहराने एकदम हातातील टाकून दहा बोटे वर केली. पाणक्यांच्या घागरी फुटल्या, स्वारांचे लगाम सुटले आणि घोडी मंडईत शिरली, मुदपाकखान्यात पळ्या कढईत बुडाल्या, आणि खुद्द मोरजीपंत ते समयी हजामत करवीत होते, त्यांचे न्हाव्याने दहा बोटे वर करिता वस्तरा सुटला, तो पंतांची डावी मिशी घेऊन खाली आला. पंत तसेच दरबारी आले आणि बोलिले, "महाराज, राज्य सुखी जाहले." महाराजांनी त्यांचे तोंडाकडे पाहिले, आणि ओठ दाबिले, आणि पुन्हा पाहिले, आणि मग ऐसे हसले की गादीवरून कलंडले आणि डोळ्यांस पाणी आले. तानूबाईंनी तेथेच पुसिले, तेव्हा पाच बोटे निघाली. हुकूम रद्द जाहला. परंतु तिसरे दिवशी पंतांनी उजवीही मिशी काढिली, दोहीकडे सारखे जाहले, आणि महाराज पुन्हा दोनांवर आले.

याउपरी अनर्थाची गोष्ट घडली. नदीपलीकडील राज्यात महाराजांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब, यजमानांमागे, कारभार करीत होत्या. बहीणभावांत नऊ वर्षे बोलणे नव्हते. कारण म्हणाल तर ऐसे की दोघे बुद्धिबळ खेळत असता आक्कासाहेब पाणी प्यावयास उठल्या, परत येऊन पाहतात तो त्यांचा वजीर पटावर नाही. त्या बोलिल्या, तू उचललास. महाराज बोलिले, मी उचलला नाही, तुम्ही आधीच गमाविला. इतक्यावरून पट उधळला, आणि मग एकमेकांच्या घरची लग्ने जाहली, बारशी जाहली, तरी पत्र नाही की निरोप नाही. तेथे मोरजीपंतांनी हेर पाठवून बोटे मोजविली, आणि हेराने येऊन सांगितले की आक्कासाहेब नऊ बोटे दाखवितात. हे ऐकताच महाराजांचे तोंड काळे पडले आणि दोनाचे एक बोट जाहले. तानूबाई बोलिल्या, "महाराज, त्यांची नऊ असल्याने आपले कोणी कापून नेले काय?" महाराज बोलिले, "माझ्यापाशी किल्ला, महाल, हत्ती. तिजपाशी काय आहे? जे आहे ते घेऊन येऊ." आणि बारा हजार फौज तयार करण्याचा हुकूम जाहला. पंतांस तर हेच पाहिजे होते.

तानूबाईंनी पदर पसरला आणि बोलिल्या, "फौज तयार होण्यास पंधरवडा लागणार. तो मला द्यावा. महाराजांस गुण न आला तर मला राज्याबाहेर घालावे, आणि मग लढाई आहेच." महाराजांनी मान्य केले. मग पहिला उपाय ऐसा की रोज दिवेलागणीस, आज काय बरे घडले, त्या तीन गोष्टी महाराजांनी स्वहस्ते लिहाव्या. पहिले दिवशी महाराजांनी लिहिले: "जेवलो. झोपलो. तिसरे काही नाही." तानूबाईंनी कागद परत केला आणि बोलिल्या, "काय जेवला?" महाराज बोलिले, "आठवत नाही." "मग उद्या जेवताना जेवा." दुसरे दिवशी महाराजांनी लिहिले की आमटीस कोकम घातले होते. पाचवे दिवशी लिहिले की जुन्या हुजऱ्याच्या नातीस नवा दात आला, तिने तो मला चावून दाखविला. मग दुसरा उपाय, की कोणाचे तरी काम स्वतःच्या हाताने करावे. महाराजांनी दरबार भरवून पाच मानकऱ्यांस शाली दिल्या आणि काही वाटले नाही. तानूबाई बोलिल्या, "शाल भांडारातून आली, हाताचे काय खर्चिले?" मग महाराज हत्तीखान्यात गेले, तेथे लाडजी महात पांढऱ्या हत्तीच्या पायातील काटा काढीत होता आणि हत्ती पाय ठरू देत नव्हता. महाराज गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी पाय धरिला, आणि हत्तीने सोंड महाराजांचे पाठीवर ठेविली, आणि काटा निघाला. लाडजी बोलिला, "सरकार, अजून दोन हात हवेच होते." ते संध्याकाळी महाराजांनी तीनाऐवजी सात गोष्टी लिहिल्या आणि सहा बोटे दाखविली. परंतु तेथून पुढे सरेना, आणि पंधरवड्याचे दोनच दिवस उरले, आणि फौज तयार होऊन नदीकाठी उभी होती.

तेव्हा तानूबाई बोलिल्या, "शेवटचा उपाय कडू आहे. ज्याने आपले फार बरे केले आणि ज्याचे आभार राहून गेले, त्यास पत्र लिहावे, आणि समोर बसून स्वतः वाचून दाखवावे." महाराज सकाळपासून बसले, बोरू वाळला, पुन्हा बुडविला, पुन्हा वाळला. मग बोलिले, "बाई, हे एकच नाव येते, आणि ते नको आहे." तानूबाईंनी दौत पुढे सरकविली. महाराज बोलिले, "मी आठ वर्षांचा असता देवी आल्या. अंगभर फोड. आईसाहेब आधीच गेलेल्या, आबासाहेब मोहिमेवर, दाया दाराबाहेरून ताट सरकवीत. आक्का आत आली. तिजला नको नको म्हणत असता आत आली आणि एकवीस दिवस बसली. मी खाजवू नये म्हणून माझे हात धरून बसली." आणि मग पत्र लिहिले. मोरजीपंत बोलिले, "वकील पाठवून वाचवू." महाराज बोलिले, "देवी वकिलास आल्या नव्हत्या."

दुसरे दिवशी अलीकडे बारा हजार आणि पलीकडे आक्कासाहेबांची सहा हजार फौज उभी राहिली, आणि मध्ये नदीस गुडघाभर पाणी. दोहीकडे तोफांस बत्ती देण्याची तयारी होती. इतक्यात महाराज घोड्यावरून उतरले, तलवार लाडजी महाताकडे दिली, जोडे काढिले आणि कागद डोक्यावर धरून पाण्यात शिरले. पंत काठावरून "महाराज, महाराज" करीत राहिले. मध्यावर गोट्यांवरून पाय सरकला आणि महाराज कमरेइतके बुडाले, तरी कागद वर होता. पलीकडचे गोलंदाज हसू की तोफ डागू या विचारात पडले. आक्कासाहेब पालखीतून उतरून काठाशी आल्या आणि बोलिल्या, "कोण येते? डोळ्यांस आता नीट दिसत नाही मला." महाराज बोलिले, "मी." आक्कासाहेब बोलिल्या, "मी म्हणजे कोण?" महाराज बोलिले, "तुझा भाऊ, आक्का." आक्कासाहेब बोलिल्या, "मग ओल्या अंगाने उभा काय? बस." महाराज वाळूवर बसले आणि पत्र वाचू लागले. एकवीस दिवसांपर्यंत आले, मग हातांपर्यंत आले, तेथे कागद मांडीवर ठेविला. आक्कासाहेब बोलिल्या, "वाच. पुढे काय लिहिलेस?" महाराज बोलिले, "पुढे इतकेच, की तू नसतीस तर मी नसतो, आणि हे मी तुला कधी सांगितले नाही." आक्कासाहेब बोलिल्या, "खरे सांगू? तेव्हा बाहेर काकीसाहेब मला शिवणास बसविणार होत्या. तुझी देवी मला सोयीची पडली." आणि दोघे हसू लागले, आणि हसता हसता आक्कासाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला. मग बोलिल्या, "वजीर?" महाराज बोलिले, "मीच उचलला होता. मांडीखाली होता." आक्कासाहेब बोलिल्या, "नऊ वर्षे मला वाटे की माझीच चूक. म्हातारपणी डोके फिरले म्हणून मी खेळ सोडला, रे." हे महाराजांस तलवारीहून अधिक लागले, आणि त्यांनी वाळूवर डोके टेकिले.

ते दिवशी अठरा हजार माणूस एकाच काठावर जेवले. महाराज आठ दिवस राहिले, आणि पुढे दर महिन्यास जात. म्हणून मर्जी नेहमी प्रसन्नच राहिली ऐसे नाही. पावसाळ्यात चिडत, कारभारात रुसत, एकदा दोघे भोपळ्याच्या भाजीवरून दोन दिवस बोलिले नाहीत, आणि तिसरे दिवशी बोलिले. तानूबाईंस दोन गावे इनाम देऊ केली, त्यांनी एक घेतले आणि दुसऱ्याऐवजी निवृत्ती मागितली, कारण बोटे मोजता मोजता स्वतःच्या नातवंडांकडे जाणे राहून गेले होते. दोन वर्षांनी आक्कासाहेब कैलासवासी जाहल्या, तेव्हा महाराज उशाशी होते आणि त्यांचे दोन्ही हात धरून होते. परतल्यावर मोरजीपंत समाचारास आले आणि बोलिले, "महाराज, नऊ वर्षे वाया गेली, फार वाईट जाहले." महाराज बोलिले, "गेली, पंत. पण दोन मिळाली."

येणेप्रमाणे सुखखान्याची हकीकत जाहली तैसी लिहिली. लेखकाचे नाव पुसू नये. लेखक हे संपताच आपल्या थोरल्या भावाकडे जावयास निघाला आहे, आणि वाट लांबची आहे. इत्यलम्.