खरेदी समिती आणि ऊन

पुलाचे उद्घाटन निर्विघ्न पार पडले आणि त्याची चित्रफीत इतकी सुस्पष्ट निघाली, की मोठ्या साहेबांच्या मिशीतला केस न् केस वेगळा दिसला. मात्र इतिवृत्तात ही बाब सर्वांत शेवटी येते. सबब ती अद्याप घडलेलीच नाही असे समजून पुढे वाचावे.

कार्यालयाच्या कंत्राटी कॅमेरामनला सगळे अंधुकराव म्हणत. हे नाव आईबापांनी ठेवलेले नव्हते, पाण्याच्या टाकीने ठेवले होते. टाकीच्या लोकार्पणात मोठे साहेब भर उन्हात बोलले. कॅमेऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा, त्यावर ऊन. फोकस कुठे बसलाय ते अंधुकरावांना दिसेना. चित्रफितीत टाकी लख्ख आली, टाकीवरचा कावळा तर नजर लागण्यासारखा आला, आणि साहेब तेवढे धुक्यातून भाषण करत राहिले.

"अंधुकराव," साहेब म्हणाले, "आता पुलाचं उद्घाटन. त्यात मी नीट दिसलो तर तुमचं कंत्राट वाढेल. नाही दिसलो, तर तुम्ही दिसणार नाही."

घरी बायकोला कंत्राटापेक्षा पुलाची काळजी जास्त. ती नदीपलीकडच्या इस्पितळात कपडे धुण्याच्या विभागात होती आणि रोज दोन बस बदलून, सगळ्या गावाला वळसा घालून कामावर जायची. खांब उभे होते, दोन्हीकडचा रस्ता झाला होता; मधला गाळा तेवढा बाकी होता.

"साहेब अंधुक आले तरी चालतील," ती म्हणाली, "पूल अंधुक नको."

अंधुकरावांनी रीतसर मागणी केली: कॅमेऱ्यावर बसवायचा बाहेरचा मॉनिटर, परवडणारा, उन्हात दिसेल असा. शेवटचे शब्द त्यांनी अधोरेखित केले. कार्यालयात अधोरेखित मजकूर महत्त्वाचा समजून वेगळा वाचण्यासाठी बाजूला ठेवतात. तो तसाच बाजूला राहिला.

खरेदी समिती सभागृहात बसली. जाड पडदे ओढलेले, दिवे मंद, हवा गार. टेबलावर तीन मॉनिटर नमुन्यादाखल मांडले होते. अध्यक्षबाईंनी तिन्हींकडे पाहिले, भांडारपालाने अध्यक्षबाईंकडे पाहिले.

"तिन्ही सारखेच दिसतायत," बाई म्हणाल्या. "मग स्वस्तातला."

"मॅडम, इथे सारखेच दिसणार," अंधुकराव म्हणाले. "उन्हात नेलं की फरक कळतो. हा दुसरा थोडा महाग आहे, पण उजेड जास्त देतो. फक्त पाच मिनिटं बाहेर अंगणात..."

"समितीची बैठक सभागृहातच भरवायची असते. अंगणात भरली तर तिला घोळका म्हणतात."

"मग निदान पडदे बाजूला करू?"

"ते उघडत नाहीत," भांडारपाल म्हणाला. "उघडणारे पडदे महाग पडत होते."

स्वस्तातला मॉनिटर आला. अंधुकरावांनी तो कॅमेऱ्यावर चढवला आणि पुलापाशी जाऊन उन्हात धरला. पडद्यावर पूल नव्हता, नदी नव्हती. स्वतः अंधुकराव होते, आरशात असावेत तसे. दाढी राहून गेली होती, ते मात्र चांगले कळले. डोक्यावरून टॉवेल घेऊन पाहिले, तेव्हा टॉवेलच्या आतली शिवण दिसली.

त्यांनी समितीला कळवले की उन्हात काही दिसत नाही.

समितीने बाब गांभीर्याने घेतली. मॉनिटर समितीने तपासून मंजूर केलेला होता, म्हणजे दोष मॉनिटरमध्ये असू शकत नव्हता. कॅमेरा जुन्या समितीने मंजूर केलेला होता. उरले ऊन. ते कोणत्याच समितीने तपासलेले नव्हते, कोणाच्या मंजुरीने येते याचाही पत्ता नव्हता.

"दोष उन्हात आहे," अध्यक्षबाईंनी निर्वाळा दिला. "अंधुकराव, सभागृहात दिसतं ना नीट?"

"सभागृहात झकास दिसतं, मॅडम. पण पूल बाहेर आहे."

"ती पुलाची अडचण झाली."

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले: यापुढे सर्व मैदानी कार्यक्रम सभागृहात घेण्यात येतील. भांडारपालाने दोन टेबले समोरासमोर लावली, मध्ये जागा सोडली आणि त्या जागेवर निळी चादर टाकली. फीत बांधायला दोन खुर्च्या आणल्या.

अंधुकराव कॅमेऱ्यामागे उभे राहिले. बायकोचे वाक्य आठवले. बोलावे म्हणून त्यांनी तोंड उघडले, तेवढ्यात मॉनिटरकडे नजर गेली. चित्र अप्रतिम होते. फोकस सुईसारखा. मिशीतला केस न् केस. तोंड आपोआप मिटले आणि बोट बटणावर गेले. साहेब स्टुलावरून टेबलावर चढले, फीत कापली, चादर ओलांडून पलीकडच्या टेबलावर पोचले. टाळ्या झाल्या.

उद्घाटन झालेल्या पुलाचे बांधकाम चालू ठेवणे नियमात बसत नसल्यामुळे मधल्या गाळ्याचे काम थांबवण्यात आले. अंधुकरावांचे कंत्राट वाढले. ही बातमी त्यांनी घरी जरा खालच्या आवाजातच सांगितली.

बायकोने चित्रफीत मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिली.

"स्वच्छ आलीय," ती म्हणाली. "तू हे शूट करत होतास तेव्हा काही बोलला नाहीस?"

"फोकस हलला असता."

"बरं. मग उद्या मी कामावर कशी जाऊ? टेबलावरून?"

अंधुकरावांनी मोबाइलचा उजेड थोडा कमी केला. ती डबा भरायला उठली. वळसा घालायचा तर लवकर निघावे लागते.

चित्रफीत गावभर फिरली. 'काय क्वालिटी आहे!' असे जवळजवळ सर्वांनी कळवले. मॉनिटर कोणता वापरला, कितीला पडला, अशी विचारणा सारखी येते आहे. आपणही बहुधा त्याचसाठी इथवर वाचत आलात. पुलाबद्दल एकही विचारणा आलेली नाही.

सबब, सर्व प्रेक्षकांस व वाचकांस याद्वारे विनंती करण्यात येते, की त्यांनी आपल्या सोयीने कधीतरी हातातला पडदा खाली ठेवून, खिडकीवरचा पडदा बाजूला सारून, नदीकडे एकवार पाहावे व काय दिसले ते समितीस लेखी कळवावे.