घाट चढणारा चंद्र

सोनुबाईंना कुणी दुकानदार फसवू शकत नाही, हे साऱ्या कुंभिवलीला ठाऊक होतं. कारण ते सोनुबाईच सांगत! नातवंडांना तारे दाखवायला दुर्बीण घ्यायची ठरली, तेव्हा ट्रकवाल्या लेकाला, नामाला, त्यांनी हातसुद्धा लावू दिला नाही. सून शकूला घेऊन खोपोलीचं जुन्या मालाचं दुकान गाठलं.

नातवंडं हे निमित्त. संकष्टीचा चंद्र कुंभिवलीला बोरघाटाच्या डोंगराआडून येतो, तोही रुसलेल्या जावयासारखा उशिरा. तोवर पोटात आगडोंब! दुर्बिणीतून तो सगळ्यांआधी दिसणार, असा बाईंचा बेत होता.

त्यांनी एक नळी हातावर तोलली, दुसरी मडक्यासारखी वाजवली, तिसरीला डोळा लावला नि किंचाळल्या, "अगं बया! खांबावरचा कावळा पाय वर करून बसलाय!"

"ताऱ्यांच्या दुर्बिणीत वरचं खाली, खालचं वर दिसतं, मावशी," दुकानदार म्हणाला.

"मग स्वस्तात दे! चंद्र गोल हाय. उलटा काय नि सुलटा काय!"

संकष्टीला शकूची आई, धोंडूबाई, मुद्दाम उपास धरून आली. खोड काढायलाच! "विहीणबाई, आज लवकर जेवायला घालताय म्हनं?"

"बघाच!" सोनुबाईंनी आळीतल्या बायकांदेखत नळी घाटावर रोखली. "आला! पिवळाधम्मक! वर चढतोय!"

धोंडूबाईंनी डोळा लावला. "चढतोय खरा. पन किती घाई!"

"माझ्या दारी यायचं म्हंजे घाई नको?"

झालं! दुर्बिणीसमोर अर्घ्य, ओवाळणी, नैवेद्य! उपाशी बायकांनी मोदकांची परात चाटूनपुसून लख्ख केली. शकू तेवढी नळीला चिकटलेली. "आई, चंद्र वळनावर वळला!"

"गप गं! मोदक खा!" सोनुबाईंनी सुनेला दटावलं.

थोड्या वेळानं दारात भोंगा वाजला. नामा ट्रकमधून उडी मारून ओरडला, "आई, एक दिवा गेला गं! अख्खा घाट एका डोळ्यानं उतरलो!"

सोनुबाईंनी दुर्बिणीकडं पाहिलं. उतरणारा ट्रक नळीत चढला होता! तेवढ्यात डोंगरामागून खरा चंद्र डोकावला, अगदी निवांत.

धोंडूबाईंनी तोंडाला पदर लावला. "जावयाला ओवाळलं ते बरं केलंत, विहीणबाई. पन माझा उपास मोडलात की!"

नामा परातीवर वाकला. "माझे मोदक कुठं हायत?"

सोनुबाई नळीवर फडकं टाकत पुटपुटल्या, "मघाशी तुलाच निवेद दाखवला रं!"