नागेशरावांचा चौथा साचा

नागेशराव आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची उलटी केली. साधी, पांढरी, प्लास्टिकची खुर्ची. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तिची खालची बाजू न्याहाळली, मधल्या एका बारीक टिंबावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथून ओतलंय. घाई केलीय, अल्वा, होय ना?" मग खुर्ची सरळ करून तिच्यावर बसले आणि चहा मागितला. माझी बायको आजही त्या खुर्चीवर पाहुण्यांना बसवत नाही.

आम्ही नोकरीपायी सांगलीहून म्हैसूरला आलेलो. कुवेंपुनगरात शेजार मराठी निघाला म्हणून हरखलो, पण त्यांचं मराठी ऐकलं आणि निम्मा आनंद ओसरला. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्येच कन्नडमध्ये शिरायचं आणि कुठे बाहेर पडेल याचा नेम नसायचा. घराणं रंगाऱ्यांचं, आजोबा कापड छापायचे. नागेशरावांनी मात्र जवळच्याच कडकोळच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे केले, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये स्वतःचा कारखाना थाटला. कारखाना म्हणजे एक लोखंडी नळी, तिला तापवणारे विजेचे पट्टे आणि वर लांबलचक दांडा. नळीत प्लास्टिक वितळलं की दांड्याला लोंबकळायचं. मग ते खालच्या अॅल्युमिनियमच्या साच्यात शिरतं. कधीकधी शिरत नाही, आणि मग नागेशराव आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं कन्नड बोलतात.

चाचणीसाठी प्लास्टिकचे नवे दाणे वापरणं त्यांच्या जिवावर यायचं. ते गल्लीतल्या डब्यांची झाकणं वितळवायला न्यायचे. "तडा गेलाय, बिडी, सोडा आता," म्हणत उचलायचे, आणि तडा गेलाय की नाही हे तेच ठरवायचे. आमच्याकडचे चार डबे आज ताटलीने झाकलेले आहेत.

माणसांकडेही ते त्याच नजरेने पाहत. साचा पुरता न भरता बाहेर आलेला तुकडा म्हणजे 'शॉर्ट शॉट', आणि फटीतून निसटलेला फालतू पापुद्रा म्हणजे 'फ्लॅश'. समोरचे बडबडे वकील फ्लॅश. माझा मेहुणा शॉर्ट शॉट. हे त्यांनी त्याच्यासमोर सांगितलं, त्यामुळे माझी बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मला ते म्हणाले, "तुम्ही ठीक. पण थंड व्हायच्या आत काढलंय तुम्हाला. थोडे वाकलाय." रागावणार होतो, पण आरशात बघितल्यावर गप्प बसलो.

हा सगळा खटाटोप एका चमच्यासाठी होता. त्यांच्या पत्नीला, यमुनाक्कांना, संधिवाताने पुरतं ग्रासलं होतं. बोटं दर महिन्याला थोडी आणखी आत वळत चालली होती. बाजारातला कुठलाच चमचा हातात राहत नव्हता. आणि बाई मानी. भरवायला कोणी बसलं की तोंड मिटायच्या. "दुसऱ्याच्या हातचा घास मी मेल्यावर खाईन," म्हणायच्या. त्यामुळे जेवण निम्म्यावर आलं, मग त्याच्याही निम्म्यावर. दंडावरची कातडी लोंबू लागली. असंच चाललं तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी नागेशरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. यमुनाक्कांच्या मुठीत नेमका बसेल अशा मुठीचा चमचा हवा होता, बस.

पद्धत अशी, की यमुनाक्कांनी कणकेचा गोळा मुठीत धरायचा. त्या ठशावरून प्लास्टरचा नमुना, नमुन्यावरून कानशीने घासत साचा. एका साच्याला महिना लागायचा. पहिल्या चमच्याची मूठ जाड झाली. दुसऱ्याचीही. तिसऱ्याच्या वेळी मी तिथे होतो. नागेशराव दांड्याला लोंबकळले, ओठांतल्या ओठांत अंक मोजले, साचा उघडला. चमचा निर्दोष होता. तो घेऊन ते आत गेले आणि थोड्या वेळाने चमचा घेऊन तसेच परत आले. "थंड होताना प्लास्टिक आकसतं, त्याचा हिशोब चुकला," एवढंच म्हणाले. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही आला.

एकदा ते दाणे आणायला कडकोळला गेले होते. चमच्यासाठी मात्र नवे, कोरे दाणेच लागत; बायकोच्या तोंडात गल्लीतली झाकणं घालायला ते तयार नव्हते. मी यमुनाक्कांजवळ बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "हिशोब त्यांचा चुकत नाही. मीच लबाडी करते."

"म्हणजे?"

"कणीक धरताना जोर लावून बोटं उघडते. जीव जातो नुसता. पण एवढं वाकलंय हे त्यांना कळलं तर, नोडी, बघा, ते जेवणार नाहीत. माझं सोडा, त्यांना साखर आहे."

सांगू नका अशी शपथ त्यांनी घातली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते शपथेपेक्षा वाईट होतं.

पण मला ते पोटात ठेवता आलं नाही. दोनच दिवसांनी शेडमध्ये तोंड उघडलं. नागेशराव कानस घासत होते, ती थांबली नाही.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. फळीवरून त्यांनी प्लास्टरचा नमुना काढला आणि माझा अंगठा धरून त्यावर फिरवला. बोटांच्या खाचांत बारीक लाटा होत्या. "जोर लावून उघडलेलं बोट थरथरतं. कणकीत सगळं उठतं. पहिल्याच वेळी कळलं."

"मग तिन्ही साचे तसेच का केलेत?"

"मग काय करू? यमुने, तू खोटं बोलतेस, म्हणू? एवढ्या वेदना सोसून हात उघडते ती, माझ्यासाठी." कानस थांबली. "वाटलं, आणखी थोडे दिवस चालेल. आता चालणार नाही. आय्यो, काल तिला उचलली तर वजनच नाही हो."

चौथ्या साच्यासाठी त्यांनी कणीक मळली नाही. यमुनाक्का दुपारी झोपल्या असताना, श्वास रोखून, मिटल्या मुठीत मेण सरकवून माप घेतलं. साचा झाला. चमचा निघाला, ना शॉर्ट शॉट ना फ्लॅश. मूठ इतकी बारीक आणि वाकडी होती, की माणसाच्या हातासाठी ती केली आहे यावर माझा विश्वास बसेना.

तो घेऊन ते आत गेले तेव्हा मीही बरोबर होतो. यमुनाक्कांसमोर दहीभात होता. नागेशरावांनी चमचा यमुनाक्कांच्या मुठीत सरकवला आणि तो बसला. नुसता बसला नाही, हलेना. यमुनाक्कांनी हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. चेहरा पांढरा पडला.

"अहो, कधी घेतलंत माप?"

"कसलं माप?" नागेशराव खिडकीकडे बघत म्हणाले. "साचाच चुकला. लहान झाला. पस्तीस वर्षं हेच काम केलं आणि आता नजर गेली बघ माझी. फेकून देतो, आण इकडे."

त्यांनी हात पुढे केला. यमुनाक्कांनी चमच्यासकट मूठ मागे घेतली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चुकलेलाच चालतो मला."

आणि त्यांनी चमचा दहीभातात घातला. पहिला घास अर्धा पदरावर सांडला. पुसायला कोणी उठलं नाही. मी भिंतीकडे तोंड फिरवून बसलो होतो, कारण मला रडू आवरत नव्हतं, आणि त्या घरात तेव्हा रडायची मुभा कोणालाच नव्हती.