तळातली मूठ

गुंजनला सीईटीत फिजिक्समध्ये पन्नासपैकी एकोणीस मार्क पडले आणि त्या दिवसापासून तिच्या वडिलांना, कमलाकररावांना, घास गोड लागेना. बायोलॉजीत शंभरपैकी एक्क्याण्णव होते, केमिस्ट्रीत पन्नासपैकी चाळीस. त्या मार्कांचं कौतुक करायला सवडच होत नव्हती. जेवताना एकोणीस, आंघोळीला बसलं तरी एकोणीस.

त्यात त्यांचा तरी काय दोष? पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडी समोर आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते ढुंकूनही पाहायचे नाहीत. बाही सरकवायची, खांद्यापर्यंत हात आत खुपसायचा आणि तळातली मूठ बाहेर काढायची. तिच्यात ओल निघाली, किडक्या बोंडाची कवडी निघाली, की अख्ख्या गाडीची ग्रेड खाली. "वरून सारेच गोरे असतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या वर्षांत कापसाला आधीच भाव नव्हता. हे वाक्य ऐकलं की गाडीवाला हात जोडायचा. आता हात जोडायची पाळी कमलाकररावांवर आली होती. कॉलेजवाले हात घालणार आणि नेमकं एकोणीस बाहेर काढणार!

यवतमाळच्या एका आयुर्वेद कॉलेजात सीईटीच्या मार्कांवरच्या प्रवेशाची शेवटची फेरी होती. व्हरांड्यातल्या फळ्यावर उरलेल्या जागांचा आकडा पुसून पुसून लहान होत चालला होता. गुंजन भिंतीला टेकून उभी होती. लहानपणी बाहुल्यांना तुळशीचा काढा पाजणारी ही पोर. दुसरं काही शिकायचं तिच्या मनातच नव्हतं.

"विचारलं तर आधी बायो सांगायचं," कमलाकररावांनी तिला पुन्हा बजावलं. "मग केमिस्ट्री. फिजिक्स विचारलंच, तर खोकला काढायचा."

"बाबा, मार्कलिस्ट त्यांच्याच हातात असते."

"अहो, पोरीले काहून घाबरवून राह्यले?" गुंजनची आई सुनीतीबाई म्हणाल्या. "सकाळपासून पाणीसुद्धा नाही प्याली ती."

बाजूला कापसाचा गाडीवाला बाबुलाल उभा होता. त्याच्या मुलीचा, बबिताचा, नंबर सकाळीच राखीव जागांच्या यादीत लागला होता, तरी तो तांड्यावर परतला नव्हता. मागच्या हंगामात ग्रेडरसाहेबांनी त्याची गाडी दोनदा खालच्या ग्रेडला टाकली होती. आज साहेबच ग्रेडसाठी उभे आहेत, हे पाहायचं सोडून कोण जाईल?

"साहेब, लय घाम फुटून राह्यला तुम्हाले. दुपट्टा देऊ?"

कमलाकरराव उत्तर देणार, तेवढ्यात रांगेत पुढे उभे असलेले पुसदचे गृहस्थ मागे वळले. "आमच्या आभाला फिजिक्स एक्केचाळीस. शेवटी फिजिक्सच पाहतात हो! तुमच्या मुलीला किती?"

"एकोणचाळीस," कमलाकररावांच्या तोंडून निघून गेलं.

सुनीतीबाईंनी नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"आणि बाकीचे?"

"बायो एक्क्याण्णव! केमिस्ट्री चाळीस!" आता खरं बोलायला मिळालं, म्हणून कमलाकररावांचा आवाज जरा जास्तच चढला.

पुसदकरांनी बोटांवर बेरीज केली. "म्हणजे एकशे सत्तर? अहो, मग शेवटच्या फेरीत काय करता तुम्ही?"

"ते... म्हटलं, जरा गर्दी ओसरू द्यावी."

एकशे सत्तरची बातमी रांगेच्या शेपटापर्यंत पोचली. बाभुळगावच्या एका बाईंनी आपल्या मुलाला गुंजनच्या पाया पडायला लावलं. गुंजनचा चेहरा कापसाहून पांढरा झाला. पुसदकर मात्र फळ्याशेजारची यादी पाहून आले आणि तडक आत गेले. यादीत गुंजनचे एकशे पन्नास होते.

पाचच मिनिटांत शिपाई ओरडत आला, "गुंजनचे वडील कोण हाय? मॅडमनं बलावलं!" फळ्यावर तेव्हा एकच जागा उरली होती.

तिघंही आत गेली. टेबलापलीकडे प्रवेशाचं काम पाहणाऱ्या सत्यशीला मॅडम बसल्या होत्या, बाजूला पुसदकर आणि त्यांची आभा उभे होते. "तुम्ही बाहेर एकशे सत्तर सांगता, यादीत एकशे पन्नास. यांची तक्रार आहे. खरं काय? घोळ असेल तर पडताळणीला पाठवावं लागेल, आणि जागा काही तोवर थांबणार नाही."

कमलाकररावांनी मुलीकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक चावत उभी होती. त्यांचा हात सवयीनं बाहीकडे गेला, बाही वर सरकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तळातली मूठ स्वतःच्या गाडीतून काढली.

"मॅडम, फिजिक्स एकोणीस आहे. वरचे वीस मी भरले. माल खरा आहे, गाडीवाला लबाड आहे."

मॅडमनी मार्कलिस्ट पाहिली. "म्हणजे एकशे पन्नासच बरोबर. यांच्या आभाचेही एकशे पन्नासच आहेत."

"पण आमचं फिजिक्स एक्केचाळीस आहे!" पुसदकर पुढे सरसावले.

"बरोबरी झाली की आम्ही आधी बायोलॉजी पाहतो. हिचे एक्क्याण्णव, आभाचे बहात्तर. गुंजन, ये, सही कर."

"आणि फिजिक्स?" कमलाकररावांनी घाबरत विचारलं.

"ते बेरजेत आलं की. वेगळं कशाला पाहायचं?"

पुसदकर मटकन खुर्चीत बसले. आभा हळूच म्हणाली, "बाबा, मी केव्हाची सांगते, मला फार्मसीलाच जायचंय."

गुंजनची सही झाली. सुनीतीबाईंनी डोळे पुसले. कमलाकरराव दारापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. प्रवेश पदरात पडला होता, आता आतला ग्रेडर जागा झाला होता.

"मॅडम, म्हणजे तळात हात घालतच नाही तुम्ही? अशी कशी गाडी पास करता?"

"चला हो आता!" सुनीतीबाईंनी त्यांना बाहीला धरून बाहेर ओढलं. बाबुलाल दाराआडून सगळं ऐकत होता.

दिवाळीनंतर केंद्र सुरू झालं. बाबुलालची गाडी समोर आली. कमलाकररावांनी बाही सरकवली, हात खुपसला, मूठ बाहेर काढली. ओलसरच होती.

बाबुलाल हाताची घडी घालून शांत उभा. "साहेब, तळ असन एकोणीस. वरचं एक्क्याण्णव कोण पाहीन?"

मागचे गाडीवाले मान काढून पाहू लागले. कमलाकररावांनी एक मूठ वरून घेतली, एक मधून घेतली. तिन्ही मुठी एकत्र करून ते बोटांनी चाचपू लागले.

"बोला ना साहेब, काय निघाली ग्रेड?"

"थांब रे बाबुलाल," कमलाकरराव पुटपुटले. "बेरीज करून राह्यलो."